वर्ग, रंगमंच आणि मैदान : महाविद्यालयाच्या निवडीचा एक इतिहास

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो : पोराला कुठल्या कॉलेजात घालायचे? आयुष्य अध्यापनात गेल्यामुळे हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडेही येतात. बाप विचारतो, निकाल कसा लागतो, फी किती, वसतिगृह आहे का, पुढे नोकरी लागेल का. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. ज्या घरातले पहिलेच माणूस कॉलेजची पायरी चढणार आहे, त्या घराला ते विचारावेच लागतात. पण बापाच्या मागे उभी असलेली मुलगी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत असते. ती जिल्ह्याच्या स्पर्धेत आठशे मीटर धावलेली असते, किंवा जयंतीच्या रात्री तिच्या गाण्याने सबंध वस्ती जागी राहिलेली असते. तिच्या मनातला प्रश्न कोणी विचारीत नाही. मी विचारला तर बाप म्हणतो, "सर, ते गाणं-खेळणं पुरं झालं आता. शिकू द्या तिला."

या वाक्यात अनेक पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. गाणे आणि अंगमेहनत आपल्याला कोणी नाकारली नव्हती. गावच्या लग्नात वाजवायला आम्ही होतो, तमाशाच्या फडावर आम्ही होतो, ओझे वाहायला आणि निरोप घेऊन कोसभर धावायलाही आम्हीच होतो. नाकारले होते ते पुस्तक. म्हणून हातात आलेले पुस्तक बाप घट्ट धरून ठेवतो. त्याचे चुकते असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. तरीसुद्धा एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बुद्धी एकाकडे, शरीर दुसऱ्याकडे आणि गळा तिसऱ्याकडे, ही वाटणी आपण केलेली नाही. ज्या व्यवस्थेने माणसांची उतरंड रचली तिनेच ही वाटणी केली. शिक्षण, कला आणि क्रीडा यांची फारकत मान्य करून कॉलेज निवडणे म्हणजे ती जुनी वाटणी नव्या कागदावर उतरवून घेणे होय.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे सिद्ध करणारा इतिहास अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आला. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. काळ्या कवींच्या कविता आपण वाचल्या, त्यांच्यावर परिसंवाद घेतले. परंतु ते कवी कुठल्या महाविद्यालयांतून आले, ती महाविद्यालये कशी उभी राहिली, आणि तेथे प्रवेश घेताना त्यांच्या आईबापांसमोर काय पेच होता, इकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. म्हणून आधी तिकडे जाऊ आणि मग आपल्या घरी परत येऊ.

१

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. त्याआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता. गुलामाने कापूस वेचावा आणि संध्याकाळी गावे, याला मात्र मालकाची हरकत नव्हती. आपल्याकडच्या वाटणीशी हे किती जुळते ते वेगळे सांगायला नको.

१८६६ च्या जानेवारीत टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात फिस्क ही शाळा निघाली. पुढे तिचेच फिस्क विद्यापीठ झाले. नुकतेच मुक्त झालेले गुलाम, त्यांची मुले आणि काही ठिकाणी तर आजी-आजोबासुद्धा एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवू लागले. पाचच वर्षांत पैसा संपला. इमारती पडक्या, अन्न अपुरे, दार लावायची वेळ आलेली. तेव्हा खजिनदार आणि संगीतशिक्षक असलेले जॉर्ज व्हाइट यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गाण्याचा दौरा सुरू केला. हेच पुढे 'ज्युबिली सिंगर्स' या नावाने प्रसिद्धीला आले.

सुरुवातीला ही मुले गोऱ्यांच्या जलशात शोभणारी गाणी गात. गुलामगिरीतली गाणी परक्यांसमोर गायला ती तयार नव्हती. त्या गाण्यांत आईबापांचे दुःख होते, देवाशी केलेले बोलणे होते, आणि सुटू पाहत असलेल्या बेड्यांची आठवण होती. आपल्याकडे शिकलेला मुलगा वडिलांची हलगी माळ्यावर टाकतो, तसलाच हा संकोच. पुढे हीच गाणी त्यांनी गायिली आणि ऐकणारे स्तब्ध झाले. १८७२ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसमोर गायिली, १८७३ मध्ये इंग्लंडच्या राणीसमोर. दौऱ्यांतून आलेल्या पैशांतून नॅशव्हिलमध्ये 'ज्युबिली हॉल' उभा राहिला आणि १८७६ च्या पहिल्या दिवशी त्याचे उद्घाटन झाले. गुलामांच्या गाण्यांवर बांधलेले कॉलेज जगात दुसरे नसेल.

पण या कथेची दुसरी बाजू आपल्या गौरवगाथांतून सहसा गळून जाते. वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांत या गायकांचे शिक्षण मागे पडले. काहींची प्रकृती कायमची ढासळली. ज्यांच्या गळ्याने कॉलेज वाचले त्यांच्यातल्या बहुतेकांना त्या कॉलेजची पदवी घेता आली नाही. कला संस्थेच्या उपयोगी पडली, संस्था मात्र कलावंताच्या पुरती उपयोगी पडली नाही. कॉलेज निवडताना हा धडा विसरता कामा नये.

२

याच फिस्कमध्ये १८८५ साली उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून एक सतरा वर्षांचा मुलगा आला. त्याचे नाव डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. त्याचे मन हार्वर्डवर होते. पण पैसा नव्हता, आणि काळ्या मुलाची जागा काळ्यांच्या कॉलेजात, असे त्याला मदत करणाऱ्या गोऱ्या गावकऱ्यांनी ठरवून टाकले होते. नाइलाजाने झालेली ही निवड त्याला लाभली. फिस्कमध्ये त्याने पहिल्यांदा आपल्या माणसांचा समुदाय पाहिला, त्यांची गाणी ऐकली, आणि तेथील संगीतमंडळात तो स्वतः गायला. सुट्टीत तो खेड्यांतल्या शाळांतून शिकवायला जाई.

१८८८ मध्ये फिस्कची पदवी घेऊन तो हार्वर्डला गेला. ग्रंथालय खुले होते, थोर प्राध्यापक होते, आणि त्यांनी त्याला आदराने शिकवले. त्याने तेथील गायकवृंदात जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला घेतले नाही. तो चांगला गात होता आणि नकाराचे कारण त्याला न सांगता समजले. पुढे १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. म्हणजे ज्या संस्थेने त्याला सर्वोच्च पदवी दिली, तिने त्याला चार मुलांबरोबर उभे राहून गाऊ दिले नाही.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. परीक्षेत माणूस एकटा असतो. त्याची उत्तरपत्रिका तपासताना कोणाला त्याच्या खांद्याला खांदा लावावा लागत नाही. गायनात, नाटकात आणि खेळात मात्र एका रांगेत उभे राहावे लागते, एका खोलीत कपडे बदलावे लागतात, एका ताटावर बसावे लागते. म्हणून वर्णभेदाची आणि जातिभेदाची खरी परीक्षा वर्गात होत नाही. ती रंगमंचाच्या विंगेत आणि मैदानाच्या कडेला होते.

डु बॉइस हे जाणून होता. १९०३ साली आलेल्या आपल्या विख्यात ग्रंथात त्याने प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्याची स्वरलिपी छापली आणि शेवटचे प्रकरण त्या गाण्यांवरच लिहिले. समाजशास्त्र आणि संगीत यांची फारकत त्याने आपल्या लेखनात होऊ दिली नाही. काळ्यांना आधी हाताचे कसब शिकवा, उच्च शिक्षण नंतर, असे टस्कीगीचे बुकर टी. वॉशिंग्टन सांगत होते. डु बॉइसने त्याविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवली. या वादाकडे केवळ तांत्रिक शिक्षण विरुद्ध पुस्तकी शिक्षण असे पाहणे अपुरे आहे. संपूर्ण माणूस घडवायचा की उपयोगी माणूस घडवायचा, असा तो वाद होता.

डु बॉइसने आपल्या मुलीलाही फिस्कमध्येच घातले. १९२४ मध्ये तिची पदवी झाली. त्या प्रसंगी भाषणाला उभा राहिला तेव्हा मात्र त्याने आपल्याच कॉलेजवर कोरडे ओढले. तेव्हाच्या गोऱ्या अध्यक्षाने देणगीदारांची मर्जी राखण्यासाठी विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद केले होते, त्यांची क्रीडा संघटना मोडून टाकली होती, पोशाखापासून वागणुकीपर्यंत सर्वत्र जाचक नियम लादले होते. निकाल उत्तम होते, निधी वाढत होता, परंतु विद्यार्थ्यांचा श्वास कोंडला होता. १९२५ च्या प्रारंभी विद्यार्थ्यांनी संप केला आणि एप्रिलमध्ये अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. आपले कॉलेज आपले आहे म्हणून त्याच्या विरुद्ध बोलायचे नाही, ही समजूत डु बॉइसने मानली नाही.

३

निवडीचा पेच सर्वांत तीव्रपणे दिसतो तो पॉल रोबसनच्या आयुष्यात. त्याचा जन्म १८९८ मध्ये न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन गावात झाला. त्याचे वडील गुलाम म्हणून जन्मले, वयाच्या पंधराव्या वर्षी पळून मुक्त झाले, आणि पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात शिकून धर्मोपदेशक झाले. ज्या गावात ते राहत होते तेथील प्रिन्स्टन विद्यापीठ तेव्हा काळ्या विद्यार्थ्याला दारात उभे करीत नव्हते. पॉलचा थोरला भाऊ लिंकनला गेला होता. पॉलनेही तेथेच जावे हे घरात जवळजवळ ठरलेले होते. ते आपले कॉलेज होते. तेथे अपमान नव्हता.

इतक्यात रटगर्स महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी राज्यभर परीक्षा असल्याचे कळले. पॉल बसला आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती त्याने जिंकली. १९१५ मध्ये तो रटगर्सला गेला. १७६६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत दीडशे वर्षांत आलेला तो तिसरा काळा विद्यार्थी, आणि त्या वेळचा एकमेव. आपण कोणाहून कमी नाही, हे स्वतःशी पक्के करून घेण्यासाठी त्याला ही परीक्षा हवी होती, असे त्याच्या आत्मकथनावरून दिसते.

या परीक्षेची किंमत पहिल्याच दिवशी वसूल झाली. फुटबॉलच्या सरावात त्याच्याच संघातल्या मुलांनी त्याचे नाक फोडले, खांदा निखळवला. पुढे कोणीतरी बुटाचे खिळे त्याच्या हातावर रोवून नखे उपटली. तो अंथरुणावरून उठून पुन्हा मैदानावर गेला, कारण आपण आपल्या सगळ्या समाजाच्या वतीने येथे आहोत ही शिकवण वडिलांनी दिली होती. १९१६ मध्ये दक्षिणेतील वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजने काळा खेळाडू असेल तर आम्ही खेळणार नाही असे कळवले, आणि रटगर्सने आपल्या सर्वोत्तम खेळाडूला बाहेर बसवले. तो रटगर्सच्या दीडशेव्या वर्षाचा उत्सव होता. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. पुढच्या दोन्ही वर्षी, १९१७ आणि १९१८ मध्ये, रोबसनची निवड अखिल अमेरिकन संघात झाली.

मैदान त्याने असे जिंकले. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि अॅथलेटिक्स या चारही खेळांत तो कॉलेजचा खेळाडू होता. अभ्यासात त्याला फाय बीटा कॅपा या विद्वत्संस्थेचे सभासदत्व मिळाले. वक्तृत्वाचे पारितोषिक त्याने चारही वर्षे घेतले. १९१९ च्या पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान त्याचा होता. आता रंगमंचाकडे पाहा. ज्याचा आवाज पुढे साऱ्या जगाने ऐकला, तो कॉलेजच्या गायकवृंदाबरोबर गावोगावच्या दौऱ्यांवर जाऊ शकत नव्हता. कार्यक्रमानंतर मेजवानी असे, नृत्य असे, आणि तेथे काळा मुलगा चालणार नव्हता.

पदवीनंतर कोलंबिया विद्यापीठातून त्याने १९२३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. वकिलीच्या कचेरीत गोऱ्या लघुलेखिकेने त्याचा मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला आणि त्याने ती कचेरी सोडली. कॉलेजने जे दार बंद केले होते तेच त्याने उघडले. १९२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने संपूर्णपणे आपल्या लोकांच्या गाण्यांचा जलसा केला. १९३० मध्ये लंडनला आणि १९४३ मध्ये न्यूयॉर्कला तो ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. राजकीय मतांसाठी अमेरिकन सरकारने १९५० मध्ये त्याचे पारपत्र काढून घेतले, ते १९५८ पर्यंत परत दिले नाही. त्याच काळात छापलेल्या फुटबॉलच्या एका इतिहासग्रंथात १९१८ चा अखिल अमेरिकन संघ अकराऐवजी दहाच खेळाडूंचा दाखवला गेला. अकरावे नाव पुसले होते. महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानदालनात त्याला जागा मिळाली ती १९९५ मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

मग रोबसनने लिंकनलाच जायला हवे होते काय? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कवी लँगस्टन ह्यूजने उलटा प्रवास केला. १९२१ मध्ये तो कोलंबियात दाखल झाला, तेथील वातावरणाला कंटाळून वर्षभरात बाहेर पडला, आणि १९२६ मध्ये लिंकनला गेला. १९२९ मध्ये पदवी घेण्यापूर्वी त्याने सहाध्यायांची मते गोळा केली. लिंकनचे सगळे प्राध्यापक तेव्हा गोरे होते, आणि काळे प्राध्यापक नकोत असे म्हणणारे बहुसंख्य विद्यार्थी काळेच होते. आपल्या माणसांचे कॉलेज मिळाले तरी आपल्यावरचा अविश्वास आपल्या मनातून गेलेला असतोच असे नाही. हे ह्यूजने निर्भयपणे लिहून ठेवले.

४

आता खेळाचा प्रश्न. नॅशव्हिलमध्येच, फिस्कपासून जवळ, टेनेसी स्टेट हे काळ्यांचे दुसरे विद्यापीठ आहे. तेथे एड टेम्पल या प्रशिक्षकाने मुलींचा धावण्याचा संघ चार दशके घडवला. सुरुवातीला ना पैसा ना धड मैदान. त्या संघातल्या विल्मा रुडॉल्फला लहानपणी पोलिओ झाला होता आणि ती पायाला आधार लावून चालत असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदके मिळवली. त्यातल्या रिले शर्यतीत धावलेल्या चौघी जणी टेनेसी स्टेटच्याच होत्या. हे सर्वांना माहीत असते. फारसे माहीत नसते ते असे की टेम्पल त्याच विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत, आणि आपल्या मुलींच्या पदवीवर त्यांचा कटाक्ष असे. त्यांच्या हाताखालच्या चाळीस ऑलिंपिक खेळाडूंपैकी एकोणचाळीस जणींनी पदवी घेतली. रुडॉल्फची पदवी १९६३ ची आहे.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. गोऱ्यांची मोठी विद्यापीठे साठीच्या दशकात काळ्या खेळाडूंना आपण होऊन बोलावू लागली होती. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेटमध्ये स्वतः खेळाडू म्हणून शिकलेले हॅरी एडवर्ड्स १९६७ मध्ये समाजशास्त्राचे अध्यापक होते. काळा मुलगा मैदानावर चालतो, पण त्याला राहायला खोली मिळत नाही, मंडळांत प्रवेश मिळत नाही, हा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणला. हंगामाचा पहिला फुटबॉल सामना विद्यापीठाला रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९६८ रोजी, मेक्सिकोत पदकाच्या चौथऱ्यावर मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे याच विद्यापीठाचे. २००५ मध्ये त्यांचे पुतळे त्याच आवारात उभे राहिले.

एकीकडे टेम्पल आणि दुसरीकडे एडवर्ड्स, दोघेही समाजशास्त्र शिकवणारे आणि दोघेही मैदानावरचे. हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण आहे. मैदानाला वर्गाची जोड नसेल तर खेळाडू हा पदक आणून देणारा वेठबिगार होतो.

५

आपल्याकडे हा इतिहास घडलाच नाही असे समजण्याचे कारण नाही. पळवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले गोलंदाज पुण्याच्या मैदानावर गोऱ्या साहेबांना सराव देता देता तयार झाले. हिंदूंच्या संघाला जिंकायचे होते म्हणून त्यांना घ्यावे लागले. चेंडू त्यांच्या हातून चालत होता, चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. मैदानावर एक रेषा पुसली गेली, पण ती पुसायला एका घराण्याचे आयुष्य खर्ची पडले. आणि बाळूंच्या वाट्याला मैदान आले तसे महाविद्यालय आले नाही.

रंगमंचाचेही तसेच. १९३१ मध्ये नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. जी ढोलकी फडावर दुसऱ्यांची करमणूक करीत होती तीच समतेचा विचार सांगू लागली. हे कलावंत दिवसा राबणारे होते. त्यांच्यासाठीही कुठल्या कॉलेजचे सभागृह उघडलेले नव्हते.

बाबासाहेब १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. रोबसन आणि ह्यूज यांच्या आधी काही वर्षे ते त्याच न्यूयॉर्कमध्ये होते. तेथे त्यांनी वाचनाखेरीज कशालाही फारसा वेळ दिला नाही. त्यांच्या पाठीवर कोट्यवधींचे ओझे होते आणि हातात मोजकी वर्षे होती. हाच माणूस उतारवयात साठे नावाच्या शिक्षकाकडे व्हायोलिन शिकायला बसला. मला या घटनेत मोठे करुण काही दिसते. तारुण्यात जे स्वतःला नाकारले होते त्याची तहान त्या प्रचंड व्यासंगाखाली जिवंत राहिली होती.

म्हणूनच त्यांनी स्वतः महाविद्यालये काढली तेव्हा काय घडले ते पाहिले पाहिजे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, मिलिंद महाविद्यालय. याच १९४६ मध्ये बाबासाहेबांचा डु बॉइसशी पत्रव्यवहार झाला, हेही येथे नमूद करावे. नागसेनवनात खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ मध्ये ते बाबासाहेबांसमोर विद्यार्थ्यांनी केले, आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी अफाट जनसमुदायापुढे. ज्यांच्या बापांना गावच्या देवळासमोरून जाता येत नव्हते ती मुले आपल्याच समाजाचा इतिहास रंगमंचावरून बोलत होती. दलित रंगभूमीचा शोध घेणाऱ्याला या सभागृहापाशी यावेच लागते. त्याच नागसेनवनाच्या परिसरात गंगाधर पानतावणे यांनी १९६८ पासून 'अस्मितादर्श' चालवले. एका कॉलेजच्या आवारात नाटक होते, वाद होतात, हस्तलिखिते निघतात, तेव्हाच एक वाङ्मयीन चळवळ जन्माला येते. नुसत्या निकालपत्रकातून ती येत नाही.

६

आता माझ्याकडे आलेल्या त्या बापाकडे वळतो. मी त्याला माझीच एक गोष्ट सांगतो. माझ्या विद्यार्थिदशेत कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटक बसत होते. मी निवडीला गेलो. माझी भाषा शुद्ध नाही म्हणून मला पडदा ओढायचे काम दिले. त्याच आठवड्यात कबड्डीच्या संघात मात्र माझे नाव मला न विचारताच लावले गेले. माझ्या अंगात ताकद असणारच आणि माझ्या तोंडात भाषा नसणारच, हे कोणीतरी आधीच ठरवले होते. मी कबड्डी खेळलो, जिंकलोही. पण पडद्याची ती दोरी माझ्या हाताला अजून जाणवते.

म्हणून मी त्याला सांगतो : प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक दिवस त्या कॉलेजात जा. ग्रंथालयात जा आणि आपली पोरे तेथे बसलेली दिसतात का ते पाहा. मग स्नेहसंमेलनाचे जुने फलक पाहा. भूमिका कोणाच्या आहेत आणि सतरंज्या उचलणारे कोण आहेत? सांस्कृतिक मंडळाचा सचिव आपल्यापैकी कधी झाला का? जिमखान्यातल्या ढाली पाहा आणि तेथल्या शिक्षकाला विचारा की ढाल आणणाऱ्या पोरांपैकी पदवीधर किती झाले. हा आकडा जो सांगू शकत नाही त्याने तो मोजलेला नाही असे समजा. सराव आणि तालीम कोणत्या वेळी असते? शेवटची एस.टी. सात वाजता सुटत असेल आणि तालीम सातला सुरू होत असेल, तर खेड्यातल्या मुलाला दार बंदच आहे. मुलींसाठी मैदान किती वाजेपर्यंत खुले असते? शिष्यवृत्तीतून फी भागते, पण धावण्याचे बूट आणि नाटकाचे कपडे कोण देणार?

तिन्ही गोष्टी उत्तम असलेले कॉलेज आपल्या आवाक्यात सापडेलच असे नाही. अशा वेळी निवड करताना मी एक कसोटी लावतो. कॉलेजात जे कमी आहे ते गरिबीमुळे कमी आहे की नकारामुळे? टेनेसी स्टेटकडे मैदान नव्हते, ही गरिबी. हार्वर्डकडे गायकवृंद होता आणि डु बॉइसला त्यात जागा नव्हती, हा नकार. गरिबीवर आपण मात करू शकतो, आपल्या समाजाने ते अनेकदा केले आहे. नकाराच्या ठिकाणी जायचे असेल तर रोबसनसारखे जाणूनबुजून, लढायच्या तयारीने जावे, आणि मागे घर आणि समाज उभा असावा. मुलाला एकट्याला त्या मैदानात ढकलून आपण निकालाची वाट पाहत बसणे योग्य नाही. उच्च शिक्षणाच्या आवारांतून आपली किती गुणी मुले एकटी पडून खचली, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

मुलीच्या बापाला मी शेवटी एवढेच म्हणतो की, दादा, तुमचे म्हणणे खरे आहे, तिला शिकू द्या. पण तिचे धावणे आणि तिचे गाणे हे शिकणे नव्हे, असे आपल्याला कोणी शिकवले ते एकदा आठवून पाहा. आपल्या आज्याने दुसऱ्यांसाठी गायिले, दुसऱ्यांसाठी धाव घेतली. ही पोर पदवीधर होऊन स्वतःसाठी गाईल आणि स्वतःच्या नावाने धावेल. त्यासाठी जे कॉलेज तिला वर्गात, रंगमंचावर आणि मैदानात सारख्याच हक्काने उभे करील, ते तालुक्याचे असो की मुंबईचे, तिकडे तिला घाला.